अण्णांचं टचिंग

११ जानेवारी

छोट्या,

हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. घरचा पत्ता तू कधी दिला नाहीस आणि माझा नंबर तू ब्लॉक केलायस. अण्णांच्या फोनवर मी "हॅलो" म्हटलं की नेमकी तेव्हाच तुझ्याकडची रेंज जाते. पाकिटावर स्टुडिओचा शिक्का आहे. ऑफिसात कुणी विचारलंच तर सांग, जाहिरात आहे.

आधी अभिनंदन. अण्णांनी तुझा मेसेज मोठ्याने दोनदा वाचला, मग मोबाइल डोळ्याला चिकटवून तिसऱ्यांदा मनात वाचला. त्यांची नजर आता फार अधू झालीये, पण "तिसरा महिना" हे शब्द त्यांना बरोबर दिसले. दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते.

आता मुद्दा. गुंड्याचे दात तुटतायत. भाकरीच्या कडेने नाही, नुसत्या भाताने. दाताच्या डॉक्टरने हात लावायला नकार दिला, म्हणाला, भूल द्यावी लागेल, मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे भूल देणाऱ्याने मला विचारलं, "वडिलांना आधी कधी भूल दिली होती का?" मी म्हटलं, वडील नाहीत, भाऊ आहे, माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. त्याने कागदावरचं वय बघितलं, गुंड्याचं टक्कल बघितलं, त्याच्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघितलं आणि आम्हाला वरच्या मजल्यावर एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या जनुकांचे आजार बघतात. त्यांनी टेप लावून त्याचं कपाळ मोजलं. गुंड्याला वाटलं फोटो काढतायत. त्याने हनुवटी खाली घेतली आणि बाईंनाच म्हणाला, "हसा." बाई हसल्यासुद्धा.

त्यांनी लहानपणचे फोटो मागितले. अण्णा स्वतः अल्बम घेऊन गेले, छाती फुगवून. बाईंनी एकेक पान सावकाश बघितलं आणि म्हणाल्या, लहानपणी चेहरा अगदी चारचौघांसारखा होता, म्हणजे हे मागाहून सुरू झालंय. असे मागाहून येणारे आजार घराण्यात उतरतात. निम्मी शक्यता असते. घरात कुणाला मूल होणार असेल तर त्यांना कळवा, असं त्यांनी बजावून सांगितलं.

तर कळवतेय. तू आता तुझ्या बायकोला सांग की तुला आणखी एक भाऊ आहे. लग्न ठरताना तू अण्णांकडून जो घरचा फोटो करून नेलास, त्यात गुंड्याच्या जागी स्टुडिओतली फुलदाणी आहे. तिच्या लेखी आपल्या घरात आई, अण्णा, तू, मी आणि एक फुलदाणी. मी लग्नाला का आले नाही याचं कारण तू तिला माझी तब्येत सांगितलंस म्हणे. माझी तब्येत ठणठणीत होती. तुझ्या भावाला कुलूप लावून यायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच.

महिनाअखेरपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. धमकी समज हवं तर.

ताई


३० जानेवारी

छोट्या,

आधीचं पत्र फाडून टाक. घाबरू नकोस. आधी एवढं वाच आणि मग पुढचं वाच.

काल एक मुलगी तणतणत स्टुडिओत आली. तिचा पासपोर्टचा फोटो ऑफिसने परत केला होता. तिच्या गालावर चांगला वाटाण्याएवढा तीळ आहे आणि फोटोत तो नाही. मी काढला होता. न विचारता, हाताच्या सवयीने, कॉम्प्युटरवर माउस फिरला आणि गेला. ती म्हणाली, "काकू, हा फोटो माझा नाहीच!" मी सॉरी म्हणून नवा काढून दिला. ती गेल्यावर मी तिचा परत आलेला फोटो उचलला. मला तो अल्बम आठवला.

अण्णा आतल्या खोलीत बसले होते. मी विचारलं, "अण्णा, गुंड्याच्या सगळ्या फोटोंना टचिंग केलंय ना तुम्ही?"

"मग? आपल्या स्टुडिओतून टचिंगशिवाय फोटो कधी गेलाय?"

"डॉक्टरबाईंना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठे?"

मी विचारलं, काय काय केलंय. तर ते एखाद्या जुन्या नाटकातला प्रवेश सांगावा तसे सांगायला लागले. निगेटिव्हवर ब्लेडच्या टोकाने कपाळाचा वरचा भाग खरवडायचा, केसाएवढं बारीक, म्हणजे प्रिंटमध्ये तिथे केस येतात. गाल दोन्ही बाजूंनी आत घ्यायचे. असं प्रत्येक वर्षी, प्रत्येक फोटोला. मी म्हटलं, मग न खरवडलेली निगेटिव्ह कुठेय? "हीच ती. वेगळी कुठून असणार?" म्हणजे त्याचा तेव्हाचा चेहरा कुठेच नाही, छोट्या. एका फोटोतही नाही.

मी आवाज चढवला. तेव्हा ते म्हणाले, गुंड्या दोनेक वर्षांचा असताना त्यांनी त्याचा फोटो काचेच्या कपाटात लावला होता, रस्त्याकडे तोंड करून. शाळेतून सुटलेली पोरं काचेला नाक लावून हसत होती. आईने आतून बघितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच. त्याच दुपारी अण्णांनी ब्लेड घेतलं, तोवरच्या सगळ्या निगेटिव्हही काढल्या. "तुझ्या आईसाठी केलं," म्हणाले, "आणि जमलं किती छान." हे शेवटचं ऐकून मला त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

पण मी तरी काय दिवे लावले? बाई अल्बम बघत होत्या तेव्हा मी शेजारीच होते. मी त्याला रोज आंघोळ घालत आले, त्याचे केस कापत आले, आणि तरी लहानपणचा गुंड्या म्हटलं की मला फोटोतलाच आठवतो. कपाळावर दाट केस आलेला. दुसऱ्या कुणाच्या घरी ही चूक झाली नसती. आमचा धंदाच हा.

आज निगेटिव्ह घेऊन बाईंकडे गेले. खिडकीपाशी तिरकी धरून दाखवली, तशी धरली की ब्लेड फिरलेली जागा वेगळी चमकते. त्यांनी एक बघितली, दुसरी बघितली, मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, म्हणजे हे जन्मापासूनचं आहे. मग सगळंच बदलतं. आधीचं माझं बोलणं विसरा. गुंड्याचं रक्त तपासायला पाठवलंय.

आणखी एक. बाईंचे शब्द होते, "असे काही आजार घराण्यात उतरतात, त्यातल्या काहींत निम्मी शक्यता असते." ते "काही" मी तुला लिहिताना गाळलं. तुला जरा धाक बसावा, तू तिला सांगून टाकावंस म्हणून. मीही अण्णांचीच मुलगी.

तू फोन कर. निदान अण्णांना तरी कर, गेले कितीतरी दिवस केला नाहीस.

ताई


२२ फेब्रुवारी

छोट्या,

गुंड्याचं निदान झालं. चौतीस वर्षांनी त्याच्या दुखण्याला नाव मिळालं. आईला कायम कुणी ना कुणी ऐकवायचं, पोटुशी असताना तू हे केलंस, ते केलं नाहीस. त्या सगळ्यांना बोलावून बाईंसमोर रांगेत बसवावंसं वाटत होतं.

मला समजलं तसं सांगते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक धागा असतो, आपण कसे घडणार ते सगळं त्यावर लिहिलेलं. तो नुसता कोंबला तर गुंता होईल, म्हणून तो रिळांवर गुंडाळलेला असतो. ही रिळं म्हणजे हिस्टोन नावाची प्रथिनं. आणि गुंडाळलेला धागा सुटू नये म्हणून वरून टाचणीसारखं बसणारं एक हिस्टोन असतं. ती टाचणी कशी बनवायची हे ज्या जनुकात लिहिलंय, त्या जनुकात गुंड्याची दोन अक्षरं गळालीयेत. दोनच. पण त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि टाचणीचं टोक चुकीचं बनतं. मग जन्मताच मोठं बाळ, मोठं कपाळ, उशिरा बोलणं, किडणारे दात, लवकर ओसरणारं तारुण्य. बाई म्हणाल्या, जगात असे फार थोडे लोक सापडलेत. गुंड्याला मी म्हटलं, तू दुर्मीळ आहेस रे. तो म्हणाला, "हो." त्याला ते आधीपासूनच माहीत असावं.

आता तुझ्या कामाचं. हे बहुतेक वेळा त्या एका बाळातच नव्याने घडतं. आईबापांत नसतं, भावंडांत नसतं. तुझ्यात असतं तर आत्तापर्यंत दिसलंच असतं, असंही बाई म्हणाल्या. पण कुठे कुठे फार सौम्य असतं, तेव्हा एकदा तपासून खात्री करून घेतलेली बरी. आई नाही, म्हणून अण्णांचं रक्त घेतलं, माझं घेतलं. तुझी थुंकी हवीय. सोबत नळी आहे. काही खाल्ल्याप्याल्याशिवाय थुंकायचं, खुणेपर्यंत, झाकण घट्ट लावायचं आणि कुरिअरने पाठवायचं. आमच्याशी बोलायची गरज नाही. नुसतं थुंकायचं आहे, आणि ते तुला जमेल असं मला वाटतं.

बायकोला सांगितलंस का? महिनाअखेर कधीच होऊन गेली. मी धमकी दिली होती खरी, पण ती खरी करायला माझ्याकडे तिचा पत्ताच नाही. हस.

ताई


१५ मार्च

छोट्या,

नळी पोचली. इतक्या वर्षांत तुझ्याकडून या घरात आलेली पहिली वस्तू म्हणजे थुंकी. मी कुरिअरवाल्यासमोरच खुदकन हसले, त्याला वाटलं बाई भ्रमिष्ट आहे. खोक्यात चिठ्ठी शोधली. कागदाच्या घड्या उलगडून बघितल्या. नव्हती. असू दे. नळी आली म्हणजे तू पत्रं वाचतोस, आणि पत्रं वाचतोस म्हणजे मी भिंतीशी बोलत नाहीये.

गुंड्याला सांगितलं, छोट्याने पाठवलंय. त्याने खोकं उघडून आत बघितलं, उलटं करून हलवलं. मग म्हणाला, "छोट्या छोटा झाला?" तू त्याच्या खांद्यावर बसून रस्ताभर हिंडायचास, त्याला "दादा" म्हणायचास, ते त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. आई गेली तेव्हा तू एकटा आलास, लॉजवर उतरलास, आणि त्याने रस्त्यात तुला मिठी मारली तेव्हा तू त्याला ढकललंस. तेही त्याच्या डोक्यात असेल. पण बोलून दाखवत नाही. मी दाखवते, हा आमच्यातला फरक.

सध्या तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून गिऱ्हाइकांना सूचना देतो. "हनुवटी खाली. डोळे इकडे. हसा." लहान मुलं त्याच्याकडे बघून जितकी हसतात तितकी माझ्याकडे बघून कधी हसली नाहीत. दातांचं काम झालं, चार काढले. आता त्याचं "हसा" जरा "हशा"सारखं येतं.

पाचवा महिना ना आता? अण्णांनी बाळांच्या फोटोची गादी माळ्यावरून काढून धुतली, दोन दिवस गच्चीवर वाळवली. मी म्हटलं, कशाला, ते कुठे इथे येणारेत? तर म्हणाले, "धुवून ठेवायला काय जातं."

एक मागायचं आहे. मी आजारी नाही, मरायलाही टेकलेले नाही, पण अण्णांनंतर गुंड्याची मी एकटीच आहे. माझ्यानंतर कोण, हा विचार भरदिवसा फोटो कापताना येतो आणि कात्री हातातच थांबते. तू त्याला सांभाळ असं म्हणत नाही. तो आहे हे माहीत असलेलं आणखी एक माणूस जगात हवं, एवढंच. तू नाही तर तुझी बायको. ती नाही तर तिचं मूल.

रिपोर्टला महिना लागेल.

ताई


६ एप्रिल

छोट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. स्टुडिओच्या नंबरवर. गुंड्याने उचलला.

मी गिऱ्हाइकात होते. ऐकलं तर हा म्हणत होता, "हो. मी भाऊ. हो. हसा." मी धावत जाऊन फोन घेतला. मी हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, "ताई, मी तुमच्या भावाची बायको. तेच होते का?"

मी म्हटलं, हो, तोच.

"आवाज किती चांगला आहे हो त्यांचा," म्हणाली, आणि मग तिने सांगितलं.

मला ते पुन्हा लिहवत नाही, पण लिहायलाच हवं. माझं पहिलं पत्र तिला तुझ्या पँटच्या खिशात सापडलं, धुवायला टाकताना. तिने विचारलं आणि तू एका दमात सगळं कबूल केलंस. ती म्हणाली, "भाऊ असा आहे याचं मला काही वाटलं नसतं, ताई. पण सहा वर्षं मला फुलदाणी दाखवली! मी विचारलं, आणखी काय लपवलंय, तर हे नुसते बघत राहिले. मग निम्मी शक्यता हेसुद्धा कमी करून सांगितलं असेल असं वाटलं मला." तुम्ही दोघं दवाखान्यात जाऊन मूल पाडून आलात. जानेवारी संपायच्या आत सगळं झालं होतं. माझं दुसरं पत्र तुझ्या ऑफिसात पडलं तेव्हा ती स्वतःच्या भावाकडे निघून गेली होती आणि तू रजेवर होतास.

म्हणजे मी "घाबरू नकोस" लिहीत होते तेव्हा झालं होतं. अण्णा गादी वाळवत होते तेव्हा झालं होतं. तू नळीत थुंकलास तेव्हा ते होऊन महिना उलटला होता. आणि मी थुंकीवर विनोद करत होते. तू ते वाचलंस आणि गप्प बसलास. शिव्या का घातल्या नाहीस रे मला?

मी तिला "काही"बद्दल सांगितलं, ते मी गाळलं होतं म्हणून. तिने "काही" हा शब्द एकदा स्वतःशीच म्हणून बघितला. म्हणाली, "तुमच्या घरात सगळेच असे आहात का?" मी हो म्हटलं. शेवटी म्हणाली, "रिपोर्ट आला की मला कळवू नका. मला ऐकायचा नाही. त्यांना कळवा, त्यांना कळायला हवं."

अण्णांना मी सांगितलं. ते उठले. गादी घडी करून परत माळ्यावर ठेवायला निघाले, शिडी त्यांना दिसेना. मी हात धरून खाली बसवलं.

ताई


१९ एप्रिल

छोट्या,

रिपोर्ट आलाय. चार दिवस झाले. चार दिवस मी हे पत्र लिहायला बसते आणि उठते.

गुंड्या बरा आहे. अण्णांच्या डोळ्यांसाठी नवे थेंब दिलेत, उपयोग शून्य. स्टुडिओची पाटी रंगवायला झालीये. बघ, अजून टाळतेय.

रिपोर्ट मेलवर आला तेव्हा उघडायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. मला वाटलं, असू दे. तुझ्यात असू दे. असलं म्हणजे तुम्ही दवाखान्यात गेलात ते बरोबर ठरलं, अण्णांचं ब्लेड आणि माझं पत्र दोन्हींचं ओझं उतरलं. आपल्या भावात दोष निघावा म्हणून मी हात जोडून बसले होते. मग उघडला.

अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "त्याला लिही, आहे म्हणून."

मी म्हटलं, "काय बोलताय?"

"एक ओळ तर आहे. तुला कॉम्प्युटरवर येतं सगळं. पोरगा सुटेल गं. जे झालं ते झालं, निदान बरोबर केलं असं तरी वाटेल त्याला. सूनबाईलाही वाटेल. परत येईल ती." आणि ते रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मला ते येतं, छोट्या. तीळ काढण्याहून सोपं आहे. एक शब्द पुसायचा, दुसरा त्याच अक्षरात बसवायचा. मी फाइल उघडून बसले. तो शब्द मोठा करून स्क्रीनभर आणला. गुंड्या मागे येऊन उभा राहिला. त्याला वाटलं फोटोचं काम चाललंय. मी केलं असतं. तुझ्यासाठी केलं असतं, देवाशपथ. पण मग तू कधी मूल होऊ दिलं नसतंस. आणि तुझ्यात गुंड्याचं काही आहे या भीतीने उरलेलं आयुष्य आरशात स्वतःचं कपाळ मोजत बसला असतास. माणूस बरा दिसावा म्हणून एकदा हात फिरवला की पुढे कुणालाच काही खरं दिसत नाही, हे मी या घरात पुरतं बघितलंय. फाइल बंद केली.

तुझ्यात नाही, छोट्या. अण्णांत नाही, माझ्यात नाही, तुझ्यात नाही. ते फक्त गुंड्यात झालं, एकदाच, कुणाच्याही हातून नाही. मी बाईंना विचारलं, मग ते बाळ? त्यांनी आधी रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला. मी परत विचारलं तेव्हा म्हणाल्या, कुणाच्याही बाळाला असतो तेवढाच धोका त्याला होता. म्हणजे ते ठीक झालं असतं. मी हे गोल फिरवून लिहू शकले असते, पण तू ते शंभरदा वाचून शेवटी इथेच आला असतास.

याचं काय करायचं मला माहीत नाही. माफ कर म्हणायची माझी लायकी नाही आणि तुझीही मला माफ करायची ताकद आत्ता नसणार. शिव्या पत्रातून देऊ नकोस, पत्रात तू सभ्य होशील. इथे ये आणि तोंडावर दे. अण्णांना ऐकू जातील इतक्या मोठ्याने दे. आम्ही दोघं उभे राहून ऐकू. गुंड्या मध्ये येईल आणि तुला मिठी मारेल, त्याला काहीच ठाऊक नाही. त्याला ढकलू नकोस, एवढंच.

ताई